आठवड्यातून एकदा

"उज्जू, पेन हाय का तुझ्याकडं?"

मिरजेच्या स्टँडवरून एसटी सुटून दहा मिनिटंही झाली नव्हती. डायलिसिस करून निघालो की आई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायची, ती थेट इचलकरंजी आल्यावरच उघडायची. त्या सोमवारी मात्र ती ताठ बसली होती. डाव्या हाताला, जिथं सुया टोचत तिथं, पांढरी पट्टी होती. तो हात मांडीवर जपून ठेवून ती उजव्या हातानं पिशवीतली वही काढत होती.

मी पेन काढून दिलं. तिनं ते परत माझ्याच हातात ठेवलं.

"तूच लिही. गाडी हलतीया, आकडा वाकडा येतोय माझा. एका फेरीला किती जातात आपलं?"

"डायलिसिसचे आठशे, इंजेक्शनचे दोनशे. गोळ्या आणि दोघींचं तिकीट धरून अकराशे पन्नास."

"लिही. महिन्यात नऊ फेऱ्या."

मी गुणाकार केला. दहा हजार तीनशे पन्नास.

"आता आपल्याकडं हायेत एक लाख आठ हजार. पन्नास-पन्नासच्या दोन पावत्या, आन् पासबुकात आठ. किती महिने पुरतील?"

मी भागाकार मांडला. मला तो तोंडानं करता आला असता, पण ती बघत होती म्हणून मी तो कागदावर पूर्ण केला. दहा महिने आणि थोडे दिवस.

आईनं बोटांवर महिने मोजले. जानेवारी चालला होता.

"म्हणजे दिवाळी." ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत मी. आन् दिवाळीनंतर मी बी न्हाई आन् पैसं बी न्हाईत."

पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. आईनं वही मिटली आणि आवाज उतरवला.

"आजपासून आठवड्यातून एकदाच यायचं. सोमवारी. गुरुवारचं बंद."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, दोनदा व्हायलाच पाहिजे."

"मला ठाऊक हाय काय सांगितलंय. तू घरी अण्णांना सांगायचं, डॉक्टर म्हणाले आता तब्येत सुधारलीया, एकदा पुरं. मी सांगितलं तर त्यांना पटायचं न्हाई. तू शिकलेली हायेस, तुझं ऐकतील."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. खिडकीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

माझी आई, शालन हावळ, सातवी शिकलेली होती. पण आमच्या गल्लीत कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं की बायका आधी तिच्याकडं यायच्या. कशाला किती धरायचे, मंडपवाल्याला किती इसार द्यायचा, तांदूळ कुठल्या महिन्यात घेऊन ठेवायचे, ते सगळं ती चटणी कुटता कुटता सांगायची. अण्णा सूतगिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, होते. पगाराचं पाकीट ते न फोडता आईच्या हातात द्यायचे आणि आई त्यातून पहिल्यांदा शिल्लक बाजूला काढायची, मग किराणा, मग आमच्या शाळा. उरलं तर साडी. साडी बहुतेक उरायची नाही. ती स्वतः घरी बसून यंत्रमागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या पैशांचा बाजार व्हायचा आणि अण्णांच्या पगारातली शिल्लक तशीच राहायची. उसनवारी तिनं आयुष्यात केली नाही. धाकटी भारती लहान असताना एकदा गोळीबिस्किटासाठी दुकानातून उधार घेऊन आली, तेव्हा आईनं तिला हाताला धरून परत नेलं आणि दुकानदाराला म्हणाली, "पुन्हा दिलंसा तर पैसं तुमचं बुडालं म्हणून समजा."

गिरणी बंद पडली. कामगारांनी वर्षभर फाटकासमोर मांडव घातला आणि शेवटी हिशेब मिळाला. अण्णांच्या वाट्याला एक लाख बासष्ट हजार आले. गल्लीत कुणी त्या पैशात मोटारसायकल घेतली, कुणी घरावर स्लॅब टाकला. आईनं सगळे बँकेत टाकले, बरेचसे मुदतठेवीच्या पावत्यांत. अण्णा एका सुताच्या गोडाऊनवर वॉचमन म्हणून अठराशे रुपयांवर लागले आणि आईनं अठराशेत घर बसवलं. "हे पैसं पोरींचं हायेत," ती म्हणायची. "त्यांच्याकडं बघायचंसुद्धा न्हाई."

पुढच्याच पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. बरेच दिवस तिनं ते लपवलं. मग एक दिवस कांड्या भरता भरता ती तिथंच आडवी झाली. मिरजेच्या हॉस्पिटलात कळलं की वाढलेल्या रक्तदाबानं दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. अण्णांनी स्वतःचं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली, पण रक्तगट जुळला नाही आणि ऑपरेशनचा आकडा ऐकून आईनं तो विषयच बंद केला. माझी बारावी तेव्हा नुकतीच झाली होती. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला, म्हणजे आम्ही डी.फार्म. म्हणायचो त्याला, माझं यादीत नाव लागलं होतं. फी भरायची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी मिरजेत वॉर्डच्या बाहेर बसले होते. फी भरली गेली नाही. "पुढच्या वर्षी," अण्णा म्हणाले. मी मान डोलावली आणि आईबरोबर दर सोमवारी, दर गुरुवारी एसटीनं जायला लागले.

त्या सोमवारी आम्ही घरी पोचलो तेव्हा अण्णा कामावरून आले होते. हातपाय धुऊन ते चहाला बसले आणि नेहमीप्रमाणे मला विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

आई आतल्या खोलीत पडली होती. दार उघडं होतं.

"सुधारणा आहे म्हणाले." मी म्हणाले. "आता आठवड्यातून एकदा केलं तरी चालेल."

अण्णांनी कप खाली ठेवला. "खरंच?"

"हो. सोमवारी फक्त."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. ते उठून आत गेले. "अगं, ऐकलंस का? एकदाच जायचं आता!" आईचा आवाज आला, "ऐकलं की. मी बी तिथंच होते."

त्या रात्री अण्णांनी पुन्हा बाहेर जाऊन आणलेली पावशेर जिलबी आम्ही खाल्ली. आईनंही अर्धा वेढा खाल्ला. तिला चालत नव्हतं, पण अण्णांनी दिलं म्हणून तिनं खाल्लं.

पहिले दोन आठवडे काही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तिचं तोंड सकाळी सुजलेलं दिसायला लागलं. पाणी ती मोजूनच प्यायची, ते आणखी कमी केलं. दिवसभरात दोन वाट्या. तहान लागली की ओल्या फडक्यानं ओठ पुसायची. भाकरी खाल्ली की उलटी व्हायची. झोपताना दोन उशा लागायच्या, मग तीन लागायला लागल्या. अण्णा म्हणायचे, "डॉक्टरांना एकदा हे सांगा की." मी म्हणायचे, "सांगितलंय. औषध बदललंय." एकदा बोललेलं खोटं टिकवायला पुढं काय काय बोलावं लागतं, ते मला त्या दीड महिन्यात कळलं. आणि ते जमायलाही लागलं.

हॉस्पिटलात मशीन चालवणारे शिकलगार म्हणून होते. वजन बघितलं की ते चिडायचे.

"मावशी, पाच किलो पाणी चढलंय अंगात. गुरुवारी कुठं असता तुम्ही? मशीन रिकामं राहतंय."

"येतो की पुढच्या गुरुवारी," आई म्हणायची. "घरी पाव्हणं आल्तं."

"दर गुरुवारी पाव्हणं?" ते माझ्याकडं बघायचे. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. हे असं चालत नाही. पाणी फुफ्फुसात गेलं तर घरातनं इथपर्यंत आणायलाही वेळ मिळायचा नाही."

मी मान खाली घालायचे. चार तास ते मशीन गरगरत राहायचं आणि आई त्या वेळात मला संसार शिकवायची. दुसरा शब्द मला सापडत नाही. गॅसचा सिलिंडर किती दिवस जायला पाहिजे आणि आधी संपला तर कुठं चुकतंय. भारतीचा गणवेश घेताना शिलाईत कापड किती सोडून घ्यायचं. अण्णांच्या हातात महिन्याला शंभर रुपये सुटे द्यायचेच, पुरुषमाणसाचा खिसा रिकामा ठेवायचा नाही. पावत्यांची मुदत बारा मार्चला संपते, त्या दिवशीच जायचं, व्याजासकट पुन्हा ठेवायच्या. त्यातली एक जुलैत मोडायची.

"जुलैत कशाला?" मी विचारलं.

"तुझी फी. दोन वर्सांचं धरून ठेवलंय मी. दुसरी भारतीची."

ती हे सगळं इतक्या सरळ आवाजात सांगायची की बाजूच्या पलंगावरच्या पेशंटला वाटावं, बाई चार दिवस माहेरी निघाली असेल.

फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार होता. अण्णा कामावर गेले होते, भारती शाळेत. मी भांडी घासत होते. आतून आईनं हाक मारली, ती नेहमीसारखी नव्हती. मी हात न धुताच आत गेले.

ती पलंगावर पाय सोडून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढं वाकून. श्वास घेताना तिच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. केस कपाळाला चिकटले होते.

"कधीपासनं होतंय?"

"सकाळधरनं." ती थांबत थांबत बोलत होती. "अण्णा जाईस्तोवर... पडून राहिले."

मी तिची पाठ चोळली. तिच्या पाठीवर माझ्या बोटांचे खड्डे उमटत होते. थोड्या वेळानं श्वास जरासा बसला. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. आईच्या डोळ्यांत मी भीती कधी पाहिली नव्हती. गिरणी बंद झाली तेव्हाही नाही.

"उज्जू," ती म्हणाली, "जाऊया का गं आज?"

मी घड्याळाकडं पाहिलं.

"तू सांग. तू म्हणशील तसं करू."

घड्याळात साडेदहा झाले होते. अकराची मिरज गाडी मिळाली असती. पासबुकात बाराशे साठ रुपये होते. ते सोमवारचे होते. आज गेलो असतो तर सोमवारसाठी पावती मोडावी लागली असती, आणि पावतीची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. किती कापतात ते मला पाठ होतं, आईनंच शिकवलं होतं. अकराशे रुपये गेले असते. आणि एकदा पावती मोडली की मग ती मोडतच जाणार. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. जुलैपर्यंत काय राहिलं असतं, तो आकडा मला मांडावा लागला नाही. तो मी आधीच केव्हातरी करून ठेवला होता.

"आज गुरुवार," मी म्हणाले. "सोमवारी जाऊच की."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हळूहळू मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "सोमवारी जाऊ."

आणि माझा ओला हात तिनं आपल्या पदरानं पुसला. मी भांडी घासायला परत गेले.

शनिवारी पहाटे ती गेली. अण्णा रिक्षा आणायला धावले, ते रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. भारती शेजाऱ्यांना हाका मारत गल्लीत पळत होती. मी आईला मागून धरून बसले होते.

होळी तोंडावर होती. गल्लीनं ती केली नाही. बायका येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, सुटली बिचारी, फार भोगलं. म्हणायच्या, पण बाईनं संसार काय केला, एवढं आजारपण झालं तरी घराला कर्ज नाही. बारा मार्चला, आईचा चौदावा दिवस होता, मी बँकेत गेले आणि दोन्ही पावत्या व्याजासकट पुन्हा ठेवल्या. माझ्या हातून तारीख चुकली नाही.

जुलैत एक पावती मोडली. अण्णांनी कामावर सुट्टी टाकली आणि माझ्याबरोबर कॉलेजला आले. फीच्या खिडकीपुढं मोठी रांग होती. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णांनी पैसे आतल्या खिशात ठेवले होते आणि खिशावर हात. चार महिन्यांत ते म्हातारे झाले होते.

रांगेकडं बघत ते म्हणाले, "मी मिरजेला गेलतो."

मला वाटलं, ते आईला पहिल्यांदा नेलं त्याबद्दल बोलताहेत.

"एकटाच. फेब्रुवारीत. तुम्हाला कोल्हापूरला चाललो म्हणून सांगितलं आन् मिरजेला उतरलो. तिची सूज बघवंना मला. म्हटलं डॉक्टरांना आपण विचारावं." ते थांबले. "डॉक्टर माझ्यावरच वरडले. म्हणाले, दोनदा सांगितलंय आन् तुम्ही एकदा आणता, बायकोला मारायचंय का?"

मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते.

"मला वाटलं, घरी जाऊन तुला झोडपावं. तिला बी. एसटीत बसलो. सगळ्या वाटंनं हेच की, आता जातो आन् विचारतो. घरी आलो. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. मी कुठनं आलोय ते तिला बघताक्षणी कळलं." अण्णांनी खिशावरचा हात काढून तोंडावरून फिरवला. "ती म्हणाली, पान वाढू का? मी म्हटलं, वाढ. आन् जेवायला बसलो."

रांग पुढं सरकली. कुणीतरी आम्हाला उठायची खूण केली. अण्णा उठले नाहीत.

"दोन पोरी होत्या माझ्यापुढं," ते म्हणाले. "मी बी हिशेब केला उज्जू. एसटीतच केला. तू तिचं ऐकलंस, तू पोर हायेस. मी नवरा हाय. मी बोललो असतो तर ती गेली असती मिरजेला. पण मी जेवलो."

मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"तुला कधी विचारलं न्हाई न्हवं तिनं? जायाचं का म्हणून? शेवटी शेवटी तिला वाटलं असंल, जावं. तुला कधी म्हणाली न्हाई न्हवं?"

त्यांच्या विचारण्यात चौकशी नव्हती. ते मला अक्षरशः विनवत होते, आणि काय विनवत होते ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. त्या घटकेला मी सांगितलं असतं तर आम्ही दोघं त्या बाकावर बसून रडलो असतो. कदाचित पैसे घेऊन तसेच घरी आलो असतो. कदाचित नसतोही आलो.

"नाही," मी म्हणाले. "मला कधी विचारलं नाही."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले. "तेवढं तरी बरं झालं." आणि उठून रांगेत जाऊन उभे राहिले. आपला नंबर आल्यावर त्यांनी नोटा दोनदा मोजून खिडकीत सरकवल्या.

मी पदविका पूर्ण केली. नोकरी लागली. दुसऱ्या पावतीवर भारती शिक्षिका झाली आणि तिचं लग्नही कर्ज न काढता झालं. अण्णा त्यानंतर बारा वर्षं जगले. जेवायला बसले की पहिला घास हातात धरून ते कधी कधी तसेच थांबायचे. भारतीला वाटायचं, देवाचं नाव घेताहेत. मी समोर बसलेली असायचे. मला ठाऊक असायचं ते कुठं आहेत, आणि तिथं ते एकटे नव्हते हेही मला ठाऊक होतं. मी त्यांना भाजी वाढायचे आणि म्हणायचे, "अण्णा, जेवा."

ते जेवायचे.